खटका दाबण्याआधी

जून उजाडला की मुंबई-पुण्याच्या रेल्वे स्थानकांबाहेर एक आवाज हमखास ऐकू येतो. फलाटावरचे पत्रे संपत आलेले असतात, एका हातात डब्याची पिशवी असते आणि दुसऱ्या हाताचा अंगठा छत्रीच्या दांड्यावरचे बटण दाबतो. फट्! छत्री आपोआप उघडते. घरी पोचल्यावर मात्र तीच छत्री पोटाशी धरून, दांडा दोन्ही हातांनी आत रेटत मिटवावी लागते. उघडताना बोटाला काहीच जोर पडला नव्हता. छत्रीत बॅटरी नाही, मोटर नाही. मग सगळ्या काड्या एका झटक्यात ताणायची ताकद आली कुठून?

ती तुम्हीच भरली होती. काल रात्री छत्री मिटवताना तुम्ही जो जोर लावला, तो आतल्या स्प्रिंगमध्ये अडकून राहिला. बटणाने आज ताकद निर्माण केली नाही, फक्त वाट मोकळी केली.

बाजूने उघडणारा बटणाचा चाकू याच तत्त्वावर चालतो. हिंदी सिनेमाने आपल्याला तो गुंडाच्या खिशात दाखवला, त्यामुळे त्याच्यातली कारागिरी आपल्या नजरेला पडत नाही. इटली, जर्मनी आणि अमेरिकेत मात्र या चाकूंचा संग्रह करणारे पुष्कळ लोक आहेत. आपल्याकडे अडकित्ते जमवणारे असतात, तसेच हे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहताना आपण सुपारी किती बारीक कातरली जाईल याचा हिशोब करत नाही. बिजागरी, नक्षी आणि घडवणाऱ्याचा हात पाहतो. संग्राहक चाकूकडे त्याच नजरेने पाहतो.

अशा संग्रहासाठी चाकू निवडायचा तर काय पाहावे? बहुतेक नवखे लोक तो किती झपकन उघडतो ते पाहतात. माझ्या मते हीच पहिली चूक. पाते उघडणे हे स्प्रिंगचे सोपे काम आहे. बटण दाबेपर्यंत पाते निमूट मिटून राहणे आणि उघडल्यावर जागच्या जागी घट्ट थांबणे, ही दोन कामे अवघड आहेत आणि कारागिराची परीक्षा तिथे होते. हे का, ते समजण्यासाठी आधी चाकूच्या पोटात डोकवायला हवे.

ताकद साठते कुठे?

आजच्या बहुतेक चाकूंमध्ये गुंडाळीची स्प्रिंग असते. पाते ज्या आसावर फिरते, त्याच्याभोवती पोलादी तारेचे काही वेढे घातलेले असतात. तारेचे एक टोक मुठीत रुतलेले, दुसरे पात्याच्या बुडात अडकवलेले. कपडे वाळत घालायच्या चिमट्यात असते तीच ही जात. पाते मिटवत नेले की तार पिळली जाते आणि पिळलेली तार परत उलगडू पाहते.

इथे एक बारकावा आहे. पाते पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग पूर्ण सैल पडली, तर शेवटच्या टप्प्यात तिच्यात काही दमच उरणार नाही आणि पाते रेंगाळेल. म्हणून चांगला कारागीर ती बसवतानाच थोडी पिळून बसवतो. पाते उघडून थांबले तरी स्प्रिंग त्याला अडसराकडे हलकेच रेटत राहते.

जुन्या चाकूंमध्ये गुंडाळीऐवजी पाटा असतो. ट्रकच्या चाकांजवळ एकावर एक रचलेले वाकडे पाटे तुम्ही पाहिले असतील. त्यातल्या एकाचे चिमुकले रूप मुठीच्या आत लांबट बसवलेले असते. त्याचे एक टोक पक्के असते आणि दुसरे पात्याच्या बुडाला टेकलेले. पाते मिटले की पाटा वाकतो. सुटला की बुडाला ढकलतो. त्याचा मुख्य जोर सुरुवातीलाच लागतो. झोक्याला मागून एक धक्का द्यावा आणि पुढचा हेलकावा त्याने स्वतः घ्यावा, तसा पात्याचा पुढचा प्रवास होतो. पाट्याचा चाकू आणि गुंडाळीचा चाकू डोळे मिटून उघडले तरी फरक हाताला कळतो. पहिला ठोसा देतो, दुसरा सलग ढकलतो.

एकच बटण, दोन कुलपे

आता बटण. मला या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

आजच्या चाकूतले बटण म्हणजे एक छोटा धातूचा दट्ट्या असतो. त्याचा एक भाग जाड आणि एक भाग बारीक, गळ्यासारखा. खाली एक इवली स्प्रिंग त्याला सतत वर रेटत असते. पात्याच्या गोलसर बुडाला दोन खाचा कोरलेल्या असतात, एक मिटलेल्या अवस्थेसाठी, एक उघड्या अवस्थेसाठी. पाते मिटलेले असताना दट्ट्याचा जाड भाग पहिल्या खाचेत बसलेला असतो. पाते सुटायला धडपडते, पण दट्ट्या त्याला सोडत नाही. बटण दाबले की जाड भाग खाली जातो आणि बारीक गळा बुडासमोर येतो. गळ्याभोवती जागा मोकळी, म्हणून पाते फिरते. उघडून अडसराला टेकले की दुसरी खाच दट्ट्यासमोर येते, दट्ट्या टुणकन वर उडी मारतो आणि पाते पुन्हा कुलूपबंद होते. दार लोटल्यावर लॅचची जीभ आपोआप चौकटीत शिरते, तसेच.

म्हणजे एकाच बटणाकडे दोन कामे आहेत. पाते मिटवायचे असले तरी तेच बटण दाबावे लागते. यातून निवडीचा एक निकष सरळ निघतो. बटण मुठीच्या पृष्ठभागापेक्षा वर आलेले असेल, तर ते खिशात नको तेव्हा दाबले जाईल आणि चाकू वापरताना तळव्याखाली दाबले जाऊन पाते सैल होईल. चांगल्या चाकूचे बटण थोडे खोलगट जागेत बसवलेले असते. काहींना वेगळी सरकती कडीही असते. ती पुढे सारली की बटण दाबताच येत नाही.

दट्ट्या आणि खाच रोज एकमेकांवर घासतात, म्हणजे कधीतरी झिजणारच. मग उघडे पाते डुगडुगू लागणार का? इथे जुन्या सुताराची युक्ती कामाला येते. खाच अगदी सरळ न कापता किंचित तिरपी कापतात. झीज झाली की दट्ट्या केसभर आणखी वर सरकतो आणि पाते पुन्हा आवळले जाते. ही पाचरच आहे, फक्त मिलिमीटरच्या अंशात. म्हणूनच नव्या चाकूत दट्ट्या खाचेत अगदी शेवटपर्यंत वर आलेला दिसला, तर मला तो नको असतो. झिजण्यासाठी त्याच्याकडे जागाच उरलेली नसते.

थांबण्याचा हिशोब

दार जोरात आपटले की भिंत हादरते. पाते उघडून थांबते तेव्हा मुठीच्या आत तेच होते. स्प्रिंगने दिलेली सगळी ताकद शेवटच्या क्षणी एका छोट्या पोलादी पिनेवर, म्हणजे अडसरावर, आदळते. हातात जो झटका जाणवतो तो याचाच.

लांबीचा इथे मोठा वाटा आहे. जाडी आणि रुंदी तीच ठेवून पाते दुप्पट लांब केले, तर त्याचे वजन दुप्पट होते. शिवाय ते वजन आसापासून दूर जाते आणि फिरवण्याच्या हिशोबात अंतराचा वर्ग मोजावा लागतो. दोन गुणिले चार, म्हणजे आठ. तेवढ्याच झपाट्याने फिरवायला आठपट ऊर्जा लागते आणि थांबवतानाही तीच आठपट ऊर्जा अडसरावर आदळते. मुसळ मधोमध धरून फिरवणे आणि टोकाला धरून फिरवणे यातला फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला हे गणित मांडून दाखवायला नको.

म्हणूनच लांब इटालियन चाकूंची पाती इतकी अरुंद असतात. ते केवळ रूप नाही, तर गरज आहे. रुंद आणि लांब पाते स्प्रिंगवर उघडायचे तर स्प्रिंग राक्षसी हवी आणि राक्षसी स्प्रिंग अडसराला महिन्याभरात ठोकून वाकवेल. संग्रहात पहिला चाकू घ्यायचा तर ८ सेंटिमीटरच्या आतल्या पात्याचा घ्यावा. त्यात सगळ्या भागांचा मेळ साधणे कारागिरालाही सोपे जाते आणि पाहणाऱ्याला दोष चटकन दिसतात.

समोरून, म्हणजे मुठीच्या तोंडातून सरळ बाहेर येणारे चाकूही असतात आणि नवख्यांना त्यांची भुरळ पडते. पण त्यात पाते रुळांवर सरकते आणि सरकायला मोकळी जागा लागतेच. त्यामुळे बाहेर आल्यावर पाते थोडे हलतेच. बाजूने उघडणाऱ्यात पाते आसाला बांधलेले असते, भाग कमी असतात, आत साचलेला कचरा काढता येतो. शिकण्यासाठी हाच प्रकार बरा.

आणखी एक चुलतभाऊ सांगून पुढे जातो. काही चाकूंना बटण नसते. पाते अंगठ्याने थोडे उघडले की पुढे स्प्रिंग ओढून नेते. स्वयंपाकघरातल्या कपाटाची नवी बिजागरी आठवा. दार मिटलेले असताना ती त्याला मिटलेलेच ठेवते, अर्ध्यावर नेले की बाजू बदलते. इथेही स्प्रिंग सुरुवातीला पाते आत दाबून धरते, म्हणून अमेरिकी कायद्याने २००९ मध्ये या प्रकाराला बटणाच्या चाकूतून वेगळे काढले. दिसायला सारखे, पण कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू.

वॉल्डन, झोलिंगेन, मानियागो

संग्रहाला दिशा हवी, आणि ती इतिहासातून मिळते. तीन गावांची नावे लक्षात ठेवली तरी बरेच काम होते.

पहिले न्यूयॉर्क राज्यातले वॉल्डन. जॉर्ज श्रेड नावाच्या कारागिराने १८९२ मध्ये बटणाच्या चाकूचे पेटंट घेतले आणि ही वस्तू कारखान्यात बनू लागली. तेव्हा ती शेतकऱ्याची, कारकुनाची, शिंपिणीची वस्तू होती. एका हातात दोरा किंवा दावे धरले आहे आणि दुसऱ्या एकाच हाताने चाकू उघडायचा आहे, ही तिची मूळ गरज. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना एम-२ नावाचा चाकू मिळाला, तो याच घराण्यातला. उतरताना पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकलेल्या माणसाचा एक हात मोकळा असेलच असे नाही, असलाच तर एकच. त्याच्या गणवेशाच्या छातीवर, गळ्याजवळ, या चाकूसाठी चेनचा छोटा खिसा शिवलेला असे. मला या सगळ्या इतिहासात हा खिसा सर्वांत बोलका वाटतो. बटणाचा चाकू कशासाठी आहे याचे उत्तर त्या शिवणीतच आहे.

दुसरे जर्मनीतले झोलिंगेन, पात्यांचे शहर. तिथल्या चाकूत बटणाऐवजी बहुधा एक छोटी तरफ असते. तरफ हलवली की तिच्या पोटाची पिन पात्याच्या बुडातल्या भोकातून वर उचलली जाते आणि पाट्याची स्प्रिंग पाते उघडते. तरफ मिटवून ठेवली की चाकू चुकून उघडण्याची भीती जवळजवळ नाही. यंत्र म्हणून मला हा प्रकार सर्वांत भरवशाचा वाटतो.

तिसरे इटलीतले मानियागो. उत्तर-पूर्वेला, आल्प्सच्या पायथ्याशी वसलेले हे गाव. १४५३ मध्ये तिथल्या सरदाराने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांकडून कोल्व्हेरा ओढ्याचे पाणी कालव्याने वळवण्याची परवानगी मिळवली. त्या पाण्यावर घण चालू लागले. आधी कुऱ्हाडी आणि विळे, नंतर बारीक पात्यांची कामे. आज त्या गावात लोहारकाम आणि चाकूंचे संग्रहालय आहे. सिनेमात दिसणारा लांब, निमुळता, आडव्या कानांचा चाकू या गावची ओळख आहे.

मानियागोच्या चाकूत एक वेगळेपण आहे. मिटलेले पाते बटण धरून ठेवते, पण उघडलेले पाते धरायला दुसरेच कुलूप असते. मुठीच्या पाठीवर एक लवचीक पट्टी असते, तिच्यात भोक असते आणि पात्याच्या बुडावरचा खुंटा त्या भोकात खटकन बसतो. पाते मिटवायचे तर ही पट्टी उचलावी लागते. जुन्या चाकूंत पट्टीचे टोक नखाने उचलत. नंतरच्या चाकूंत मुठीच्या वरचे धातूचे टोपण थोडे तिरके केले की पट्टी आपोआप उचलली जाते. नखाने उचलायची पट्टी असलेले जुने नमुने संग्राहकांना जास्त प्रिय आहेत आणि त्यांची किंमतही तशीच असते. त्यामुळे तिरक्या टोपणाचा चाकू बदलून जुना भासवण्याचे प्रकारही होतात. दोन्ही प्रकार हातात घेऊन पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

महायुद्धानंतर घरी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी हे इटालियन चाकू सोबत नेले, मागोमाग आयात सुरू झाली. १९५० मध्ये एका अमेरिकी महिला मासिकाने या चाकूवर भीती घालणारा लेख छापला, १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने बंदी आणली, हॉलिवूडने तरुण गुंडांच्या हाती तो दिला आणि १९५८ मध्ये राज्याराज्यांतल्या व्यापारावर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा झाला. त्या काळातला एक चित्रपट मात्र चाकूला गुंडाची खूण म्हणून न वापरता पुरावा म्हणून तपासतो. १९५७ चा ‘ट्वेल्व अँग्री मेन’. आपल्याकडे बासू चॅटर्जींनी १९८६ मध्ये त्याच कथेवर ‘एक रुका हुआ फैसला’ केला. मूळ चित्रपटात वस्तीत वाढलेला एक ज्युरर चाकू हातात घेऊन दाखवतो, की असा चाकू उघडताना हात खालून वर जाणाऱ्या पकडीतच असतो. वरून वार करायचा तर पकड बदलावी लागेल आणि तेवढा वेळ कोण घालवेल? अंगठा बटणावर असतो, म्हणून पकड ठरलेली असते. एका दट्ट्याच्या जागेवर माणसाचा जीव तोलला जातो.

हातात घेतल्यावर

आता प्रत्यक्ष पारख. बोटे पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरावी, पाते माणसांपासून दूर करावे आणि चाकू उघडावा. घाईने पुन्हापुन्हा खटखट करू नये. एकदा उघडून नीट पाहावे. उघडणारे पाते अंगठ्याने अडवत हळू सोडण्याची काहींना सवय असते, तीही वाईट. त्यात बोट जाते आणि स्प्रिंगही आडवी ताणली जाते.

उघड्या पात्याची पाठ धरून ते डावी-उजवीकडे हलवावे. हलले तर आस सैल आहे. बहुतेक वेळा स्क्रू आवळून हे सुधारते, पण इतका आवळू नये की पाते अर्ध्यावर अडखळेल. मग पाते वर-खाली हलवावे. इथे हलले तर दोष कुलपात आहे आणि तो घरी दुरुस्त होत नाही. असा चाकू, कितीही देखणा असला तरी, मी परत ठेवतो.

मिटलेल्या चाकूला तोंडाकडून पाहावे. पाते दोन्ही बाजूंच्या मधोमध बसलेले हवे. एका बाजूला घासत असेल तर एक तर आस तिरपा आहे किंवा पाते वाकलेले. टोक मुठीत पूर्ण बुडालेले हवे. जुन्या चाकूचे टोक बाहेर डोकावत असेल किंवा पाते मुठीच्या मानाने फारच अरुंद दिसत असेल, तर ते वर्षानुवर्षे घासून झिजवलेले आहे किंवा मोडलेले टोक पुन्हा घडवलेले आहे. पात्याच्या बुडावरचा शिक्का वाचावा. पाते एका कारखान्याचे आणि मूठ दुसऱ्याची, असे जोडकामही विकले जाते.

स्क्रूंची डोकी पाहायला विसरू नये. डोके कुरतडलेले असेल तर कोणीतरी आत हात घालून गेले आहे.

पोलादाबद्दल फार लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगतो. आपले लोहार कोयत्याला पाणी पाजतात, म्हणजे तापवून झटकन थंड करून ते कडक करतात. तोच संस्कार इथेही महत्त्वाचा, नाव नंतर. १५४सीएम या अमेरिकी पोलादात साधारण १४ टक्के क्रोमियम असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. डी-२ मध्ये सुमारे १२ टक्के असते, पण कार्बन जास्त असल्याने त्यातले बरेच क्रोमियम कार्बनशी बांधले जाते. धार टिकते, पण दमट हवेत डाग पडतात. ज्याचा संग्रह कोकणात किंवा गोव्यात राहणार आहे, त्याने हा फरक लक्षात ठेवावा. जो चाकू पेटीतच राहायचा आहे, त्यासाठी महागड्या पोलादावर पैसे घालण्यापेक्षा चांगल्या कुलपावर घालावेत.

---

चौकट: घेण्याआधी पाहायचे

पाते वर-खाली हलते का? हलत असेल तर नको.
बटण मुठीच्या पातळीच्या आत आहे का? कडी लावल्यावर खरोखर दाबले जात नाही ना?
दट्ट्याला झिजायला जागा आहे का?
मिटलेले पाते मधोमध आहे का, टोक आत बुडाले आहे का?
शिक्का, मूठ आणि स्क्रू एकाच काळातले वाटतात का?
आणि या सगळ्याआधी: तुम्ही राहता तिथे हा चाकू ठेवणे कायदेशीर आहे का?

---

पेटीतला पावसाळा

स्प्रिंग दाबून ठेवली तर मरते, असा समज आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबलेली असेल, तर नुसत्या दाबून राहण्याने फारशी बिघडत नाही. तिला थकवते ती पुन्हापुन्हा होणारी उघडझाप. तार एकाच जागी वाकवत राहिलो तर ती तुटते, तेच इथे हळूहळू घडते. शतकभर जुना, पाट्याचा चाकू मात्र उघडा, स्प्रिंग सैल ठेवूनच कुलूपबंद काचपेटीत ठेवावा, कारण तो पाटा तुटला तर तसाच दुसरा मिळत नाही.

तेल पातळ हवे, आणि फक्त पुसट थर. शिलाई मशीनचे तेल उत्तम. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावू नये. ते कालांतराने चिकट होते, धूळ धरते आणि दट्ट्या चिकटून बसतो. चाकू चामड्याच्या म्यानात कधीच साठवू नये. कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि आम्ल पात्याला डाग पाडतात, पावसाळ्यात तर पंधरा दिवसांत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळच्या वेळी बदलाव्यात. शिंगाच्या मुठी असतील तर त्यांना कीड लागते, म्हणून त्या अधूनमधून बाहेर काढून पाहाव्यात.

सर्वांत मोठा धोका मात्र शेजाऱ्याकडून असतो. जुन्या अमेरिकी चाकूंच्या रंगीत, मोत्यासारख्या चमकणाऱ्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनलेला हा पदार्थ. जुनी नायट्रेटची चित्रपट-रिळे याच जातीची. २००३ मध्ये पुण्यात अशा रिळांच्या साठ्याला आग लागून आपल्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला, ते अनेकांना आठवत असेल. सेल्युलॉइड कुजू लागले की आम्लाची वाफ सोडते आणि शेजारच्या चाकूंची पातीही गंजवते. मुठीला बारीक भेगा, कापराचा किंवा आंबूस वास आणि आसपासच्या धातूवर अचानक हिरवट-तांबूस डाग दिसले, तर तो चाकू त्याच दिवशी वेगळा करावा आणि उष्णतेपासून दूर ठेवावा.

कायदा, आणि तो आधी

युरोप-अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी आपापल्या राज्याचा नियम पाहावा, कारण चित्र सतत बदलते आहे. ब्रिटनने १९५९ मध्येच असे चाकू बनवण्या-विकण्यावर बंदी घातली आणि २०२१ पासून ते घरात बाळगणेही बंद केले. जर्मनीने पूर्वी बाजूने उघडणाऱ्या ८.५ सेंटिमीटरपर्यंतच्या पात्यांना मोकळीक दिली होती, २०२४ मध्ये ती आवळली. त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेने जाऊन तिथली बंदी रद्द केली.

भारतात गोष्ट अधिक गंभीर आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, एवढे वाचून अनेकजण समजतात की लहान चाकू मोकळा. तसे नाही. सरकार अधिसूचनेने लहान चाकूही नियमांत आणू शकते. दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये काढलेल्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, ‘गरारीदार’ आणि ‘बटणदार’ चाकू नावानिशी आले. ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद, किंवा त्याहून मोठे पाते. गरारी म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलसारखे दाते. सिनेमातल्या रामपुरीचा तो कट-कट-कट आवाज त्या दात्यांचाच. उत्तर प्रदेशातल्या रामपूरला २०२३ मध्ये चौकात भलामोठा चाकू उभारून या कारागिरीचा मान राखला गेला, पण त्यामुळे खिशातला चाकू कायदेशीर ठरत नाही. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असेल, तर सार्वजनिक जागी चाकू बाळगणे हाच गुन्हा होतो. आणि परदेशातून शस्त्र म्हणून मोडणारी वस्तू आणायला परवाना लागतो, मग ती टपालाने येवो की सामानातून.

तेव्हा भारतात राहणाऱ्या वाचकाला माझी कळकळीची विनंती आहे. बटणाचा चाकू मागवू नका, कोणाला आणायला सांगू नका. आधी आपल्या जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन लेखी विचारा. तोपर्यंत यंत्र समजून घ्यायची हौस असेल, तर घरातली मोडकी स्वयंचलित छत्री उलगडून बसा. स्प्रिंग, दट्ट्या आणि खाच तिच्या दांड्यात आहेत.